कुरआन वाचायला घेताय? मग शेवटच्या पाऱ्यापासून घ्या

वेशीपलीकडे

सोलापूरकराला मुसलमान शेजारी नवा नाही. विजापूर वेस, बेगम पेठ, किडवाई चौक, नई जिंदगी ही नावं आपल्या रोजच्या पत्त्यांत असतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्या बरोबरीनं अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे नाव आपण शाळेपासून घेतो. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात एकाच दिवशी फाशी दिलं. रमजानच्या बाजारात आपण हौसेनं फिरतो, ईदेला डबाभर शिरखुर्मा घरी येतो. एवढं असून कुरआन उघडून पाहिलेली माणसं माझ्या ओळखीत फार थोडी आहेत. आणि ज्यांनी उघडलं, त्यातली बरीचशी दुसऱ्याच सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, थांबली.

हा धागा अशा थांबलेल्यांसाठी काढते आहे. मी मुसलमान नाही, अरबी येत नाही. मराठी-हिंदी अनुवाद वाचून आणि शेजाऱ्यांना विचारून विचारून जे हाती लागलं ते मांडते. जाणकारांनी भर घालावी.

थांबायचं कारण सोपं आहे. आपण पुस्तक पहिल्या पानापासून वाचतो. पहिली सूरह फातिहा, सात आयतींची, म्हणजे वचनांची, प्रार्थना, ती पटकन होते. लगेच अल-बकरह येते, २८६ आयतींची, सगळ्यांत मोठी. तिच्यात आदमची गोष्ट आहे, मूसाच्या (मोझेसच्या) लोकांशी वाद आहे, नमाजाची दिशा बदलल्याचं आहे, रोजे, हज, तलाक, व्याज आहे, उधारीचा कागद साक्षीदार ठेवून कसा करावा हेसुद्धा आहे. नवा वाचक गोष्टीची वाट बघत बसतो, गोष्ट काही लागत नाही, आणि पुस्तक परत कपाटात जातं.

११४ सूरहंची मांडणी साधारण लांबीनं आहे, मोठ्या आधी आणि छोट्या शेवटी. काळाचा क्रम तिथे नाही. मुस्लिम श्रद्धेप्रमाणे हे सगळं मुहंमद पैगंबरांवर इ.स. ६१० ते ६३२ या सुमारे २३ वर्षांत थोडं थोडं उतरलं. ६२२ च्या हिजरतीपर्यंत, म्हणजे मक्का सोडून जाईपर्यंत, मक्केत, नंतर मदिनेत. मक्केत त्यांच्याबरोबर मूठभर माणसं होती आणि ती छळ सोसत होती. मदिनेत तेच एका समाजाचे प्रमुख झाले. करार, लढाया, लग्नं, वारसाहक्क, सगळ्याचे निवाडे त्यांच्याकडे येऊ लागले. मक्केतल्या सूरह बहुतेक छोट्या, आवेगाच्या. मदिनेतल्या लांब, कायदा आणि व्यवहाराच्या. लांबीनं लावल्यामुळे मदिनेतलं पुष्कळसं आधी येतं आणि मक्केतलं मागे जातं. पहिल्या पानापासून निघालेला माणूस त्यामुळे थेट भांडणाच्या आणि निवाड्याच्या मध्यात जाऊन पडतो. हे कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, त्याआधी काय घडलं, काहीच त्याला ठाऊक नसतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की तिसाव्या पाऱ्यापासून सुरू करा (कुरआनाचे तीस भाग पाडलेत, त्यांना पारे म्हणतात). मदरशातली मुलंही कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, संपला की हाच अम्मपारा धरतात.

त्यातली १०७ वी सूरह, माऊन, घ्या. सातच आयती. सुरुवात प्रश्नानं होते: न्यायाच्या दिवसाला खोटं म्हणणारा माणूस तू पाहिलास का? उत्तर लगेच येतं. अनाथाला धक्के मारून हाकलतो तो. गरिबाच्या पोटात अन्न पडावं म्हणून कुणाला सांगतसुद्धा नाही तो. आणि मग बोलणं एकदम नमाज पढणाऱ्यांकडे वळतं: नमाजाचं भान नसलेल्या, दाखवण्यापुरती पढणाऱ्या, आणि शेजाऱ्याला वापरायची साधी वस्तूही न देणाऱ्या नमाज्यांचा धिक्कार असो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तीनतीनदा वाचलं. श्रद्धा नसलेला माणूस ओळखायचा कसा, तर त्याच्या वागण्यावरून, असं ही सूरह सांगते. आणि सगळ्यांत कडक शब्द तिनं आपल्याच माणसांसाठी राखून ठेवलेत.

आता श्रद्धा. सगळ्याच्या मुळाशी तौहीद, ईश्वर एकच. ११२ वी सूरह, इखलास, चार आयतींत ते सांगून मोकळी होते: अल्लाह एक आहे, तो कुणावर अवलंबून नाही, सगळे त्याच्यावर अवलंबून, त्याला मूल नाही, तो कुणाचं मूल नाही, त्याच्या तोडीचा कुणी नाही. याशिवाय फरिश्ते, ईश्वरी ग्रंथ, पैगंबर, कयामतचा दिवस आणि तकदीर यांवर ईमान ठेवायचं. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज हे पाच स्तंभ आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात, त्यावर वेळ घालवत नाही.

आपल्या लोकांत एक समज घट्ट बसलाय, की मुसलमान मुहंमदांची पूजा करतात. तसं नाही. मी तुमच्यासारखाच एक माणूस आहे, असं त्यांनी सांगावं, हा आदेश खुद्द कुरआनात आहे (१८:११०, म्हणजे १८ वी सूरह, ११० वी आयत). त्यांचं नाव कुरआनात चारच ठिकाणी येतं, मूसाचं शंभराहून जास्त ठिकाणी. इब्राहीम, मूसा, ईसा (येशू) हे सगळे त्याच एका परंपरेतले पैगंबर मानलेत. नावानिशी उल्लेख असलेली एकच स्त्री आहे, मरियम, ईसाची आई. तिच्या नावाची सूरहच आहे, १९ वी.

आणखी एक. कुरआन वेगळं, हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी वेगळ्या, त्यावरून इमामांनी काढलेला फिकह, म्हणजे धर्मनियम, वेगळा, आणि आपल्या गल्लीत दिसणारी रीत वेगळी. समोर जे दिसतं ते या चारांपैकी कुठून आलं, हे विचारायची सवय लागली की निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

शेंगाचटणी

वाचतेय. ताई, दोन प्रश्न. मराठीत कुठला अनुवाद घ्यायचा? आणि आमच्यासारख्यांच्या घरात तो ठेवला तर चालतो का? अंघोळ, शिवाशिव असलं काही पाळावं लागतं का? विचारायला संकोच वाटतो म्हणून आजवर विचारलं नाही.

उर्दूशाळा

संकोच कशाला, विचारलंत हे बरं केलंत. मी सोलापुरातच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. हे प्रश्न मला शेजारपाजारच्या ताया नेहमी विचारतात.

आमच्याकडे मूळ अरबी कुरआन म्हणजे मुसहफ हातात घ्यायचं तर वुजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, घेतो. घरात ते जुजदानात, म्हणजे कापडी गवसणीत, उंच जागी असतं. वाचताना रेहलवर ठेवतात, ती कैचीसारखी उघडणारी लाकडी घडवंची. जमिनीवर ठेवत नाही, त्याच्याकडे पाय करून बसत नाही. नुसत्या मराठी अनुवादाला हे सगळे नियम लागू आहेत असं बहुतेक आलिम (धर्मपंडित) मानत नाहीत. तरी नीट जागी ठेवा, त्यावर चहाचा कप ठेवू नका. तुमच्या देव्हाऱ्यातली पोथी जशी सांभाळता तेवढं केलंत की झालं.

मराठीत 'दिव्य कुरआन' या नावाचा अनुवाद आहे, तो सहज मिळतो. त्यातल्या टिपा एका विशिष्ट विचारधारेच्या आहेत, म्हणून शक्य असेल तर हिंदीतला आणखी एखादा अनुवाद जोडीला ठेवा. विनोबांचं 'कुराण-सार' वेगळ्या जातीचं आहे. त्यांनी अरबी शिकून, आयती निवडून विषयवार लावल्या. संपूर्ण कुरआन त्यात नाही, पण घाबरलेल्या वाचकाला हात धरून आत न्यायला ते उत्तम.

रात्रपाळी

वेशीपलीकडे ताईंनी सगळं वाचण्याबद्दल लिहिलं. थोडं ऐकण्याबद्दल मी लिहितो. कारखान्यात रात्रपाळी करतो, शिक्षण दहावी.

आमच्यातल्या बहुतेकांना अरबी कळत नाही हे बाहेरच्यांना माहीत नसतं. लहानपणी मौलानांकडे अरबी पढायला बसवतात. अक्षरं लागतात, उच्चार येतात, पण अर्थ उर्दू तर्जुम्यातून कळेल तेवढाच. तरी रमजानमध्ये इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर तरावीहला, म्हणजे रमजानच्या जादा नमाजला, आम्ही उभे राहतो. आमच्या मशिदीत वीस रकात (नमाजची आवर्तनं) असतात. हाफिज साहेब, म्हणजे कुरआन पाठ असलेले, तोंडपाठ पढतात, अंदाजे रोज एक पारा किंवा थोडं जास्त, आणि सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत कुरआन पूर्ण होतं. त्यांच्या मागच्या रांगेत दुसरा हाफिज उभा असतो, त्याला सामे म्हणतात. इमाम एखाद्या शब्दाला अडखळले किंवा आयत सुटली, की तो मागून तो शब्द उच्चारतो. याला लुकमा देणं म्हणतात. इमाम लगेच मागे येऊन नीट पढतात. सगळी मशीद शांत उभी असते, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. शब्द बरोबर राहिला पाहिजे, बस.

सोळा-सतरा वर्षांची पोरं ६२०० च्या वर आयती पाठ करून बसलेली मी बघितली आहेत. पुस्तक म्हणून विचार केला तर हे ध्यानात येत नाही. कुरआन आधी ऐकलं गेलं, पाठ झालं, आणि मग कागदावर आलं. मोबाइलवर सूरह रहमानची तिलावत (पठण) लावा. एकच ओळ ३१ वेळा परत परत येते, "तुम्ही आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल?" कागदावर ती ओळ वाचताना कंटाळा येईल, ऐकताना येत नाही.

मागवाले

आमचा चादर-टॉवेलचा कारखाना, घरात तेलुगू. कामगारांत निम्मे मुसलमान. वरचा धागा वाचून काल १२ वी सूरह, यूसुफ, एका बैठकीत वाचली. १११ आयती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट. ज्यांना गोष्ट पाहिजे त्यांनी ही घ्या.

धंदा कापडाचा, म्हणून असेल, पण माझं लक्ष सदऱ्याकडे गेलं. भाऊ यूसुफला विहिरीत टाकतात आणि त्याच्या सदऱ्याला खोटं रक्त लावून बापाला दाखवतात. पुढे मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) मालकीणबाई त्याच्यावर आळ घेते. तेव्हा घरातलाच एक जण न्याय सांगतो, सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा मागून फाटलेला निघतो, म्हणजे तो पळत होता आणि तिनं ओढला. आणि शेवटी यूसुफ आपला सदरा भावांबरोबर घरी पाठवतो, तो चेहऱ्यावर टाकल्यावर रडून रडून आंधळ्या झालेल्या बापाला दिसायला लागतं. पहिला सदरा खोटा पुरावा, दुसरा खरा पुरावा, तिसरा औषध. कारखान्यातल्या आमच्या चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "हौ, हमारे मौलाना भी यहीच बोले थे." फार बरं वाटलं.

तराजू

धागा चांगला चाललाय, पण सगळे गोडगोडच बोलत आहेत. मी वकिली करतो, मला नेमकं बोललेलं आवडतं. कुराण ९:५. मुश्रिक, म्हणजे ईश्वराबरोबर इतरांना पूजणारे, जिथे सापडतील तिथे त्यांना मारा, असं तिथे आहे. मला फॉरवर्ड आलेलं नाही, अनुवादात स्वतः वाचलंय. सूरह माऊन सुंदर आहे हे मान्य. पण हेही त्याच पुस्तकात आहे. याचं काय करायचं?

वेशीपलीकडे

प्रश्न योग्य आहे आणि तो इथे यायलाच हवा होता.

नवव्या सूरहच्या पहिल्या आयतीपासून वाचा. विषय आहे मुसलमानांनी अरब मुश्रिकांशी केलेल्या करारांचा. ज्यांनी करार मोडले त्यांच्याशी संबंध संपल्याची ती जाहीर नोटीस आहे, चार महिन्यांच्या मुदतीची. ९:४ म्हणते, ज्यांनी करार पाळला, तुमच्याविरुद्ध कुणाला मदत केली नाही, त्यांच्याशी करार मुदतीपर्यंत पाळा. मग येते ९:५. तिच्या लगेच पुढची ९:६ म्हणते, त्या मुश्रिकांपैकी कुणी आसरा मागितला तर द्या, त्याला ईश्वराचं वचन ऐकू द्या आणि मग त्याच्या सुरक्षित जागी पोचवा. ९:१३ मध्ये लढण्याचं कारण दिलंय, की शपथा त्यांनी मोडल्या आणि पहिला वार त्यांनी केला. दिसेल त्या बिगर-मुसलमानाला मारा असा अर्थ काढायचा तर चौथी आणि सहावी आयत झाकून ठेवावी लागते.

पण इथे थांबले तर मीही अर्धंच सांगितलं असं होईल. मध्ययुगातल्या काही भाष्यकारांनी असं मानलं, की ९:५ नंतरची असल्यामुळे आधीच्या सलोख्याच्या कितीतरी आयती तिनं रद्द झाल्या. दुसऱ्यांनी ते मान्य केलं नाही. तिचा हुकूम त्या काळातल्या त्या टोळ्यांपुरता, असं त्यांचं म्हणणं. आजचे अतिरेकी गट पहिल्या मताचा आधार घेतात, आजचे बहुसंख्य आलिम दुसऱ्या मताच्या बाजूचे आहेत. हा वाद इस्लामच्या आतला आहे आणि जुना आहे. २:१९० मध्ये "तुमच्याशी लढणाऱ्यांशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका" आहे, २:२५६ मध्ये "धर्मात जबरदस्ती नाही" आहे. या आयती कुणी कशा जोडल्या, यावर सगळं अवलंबून आहे.

तराजू

९:६ मी वाचली नव्हती, ती आज वाचली. मुद्दा मान्य. तरी माझं समाधान अर्धंच झालंय. ज्या ग्रंथाचा अर्थ लावण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, तिथे "जोडणी कशी केली" एवढं पुरत नाही. आणि स्त्रियांचं काय? ४:११, मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा. ४:३४, नवऱ्याला बायकोवर हात उगारायची मुभा. हे आजच्या काळात कसं समजून घ्यायचं?

उर्दूशाळा

तराजू भाऊ, बाई म्हणून मीच उत्तर देते.

४:३४ वर आमच्यात आजही एकमत नाही. पारंपरिक भाष्यकारांनीही समजावणं, मग अंथरूण वेगळं करणं, आणि अगदी शेवटी, इजा न होता, अशा अटी घातल्या. पैगंबरांनी (स.) कधी कुठल्या पत्नीवर हात उचलला नाही हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. मी आणि माझ्यासारख्या अनेक जणी मानतो, की त्यांचं वागणं हाच या आयतीचा अर्थ. ज्याला बायकोला मारायचंय त्याला आयत लागत नाही, आणि आयत दाखवून मारणाऱ्याला मी मुसलमान म्हणून माफ करत नाही.

वारशाचं ऐका. सातव्या शतकात मुलीला, आईला, बायकोला ठरलेला हिस्सा मिळाला ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. दुपटीचं कारण सांगतात, की घरखर्चाची आणि महरची (लग्नात बायकोला द्यायच्या रकमेची) जबाबदारी पुरुषावर. आज बाई कमावते, घर चालवते, मग हिशेब पुन्हा मांडायला नको का, असं आमच्यातल्या शिकलेल्या मुली विचारतात, आणि विचारायलाच हवं. पण मला जास्त सलतं ते वेगळंच. जो अर्धा वाटा कुरआननं दिलाय, तोसुद्धा किती बहिणींच्या हातात पडतो? "भावाला कशाला दुखावतेस" म्हणत हक्कसोड पत्रावर सही घेतात. तहसीलमध्ये सहीच्या रांगेत माझ्या शेजारी लिंगायत ताई होती, तिच्या मागे पद्मशाली ताई. माझा कायदा वेगळा, त्या दोघींचा वेगळा, कागद एकच.

भुईकोट

आपा, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

थोडी भर. या प्रश्नांवर मराठीतूनच मोठी झुंज झालेली आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. पुढे २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. एका दमात तीन तलाक सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०१७ ला अवैध ठरवला आणि २०१९ मध्ये कायदा आला. दलवाईंची मतं सगळ्या मुसलमानांना पटतात असं मुळीच नाही, अनेकांना ती धर्मावरचा घाव वाटतात. तरीही इस्लाम समजून घेताना आलिमांबरोबर या माणसांचंही वाचलं पाहिजे, तीही त्याच घरातली आहेत.

रात्रपाळी

दलवाईंचं मला सगळं पटत नाही, एवढंच नोंदवतो. तलाकबाबत मात्र आमच्या वस्तीत त्रास भोगलेल्या बायका आहेत, त्यामुळे बोलायला तोंड नाही.

माघवारी

अक्कलकोट तालुक्यातलं आमचं गाव. मोहरममध्ये पंजे बसतात, सवारी निघते. गावात मुसलमानांची घरं हाताच्या बोटांवर, बाकी सगळं आम्हीच करतो. अलाव्याचा खड्डा आमच्या शेतातल्या लाकडानं पेटतो. नवस बोलतात, फातिहा देतात, मलिदा वाटतात. आजवर मला वाटायचं हाच इस्लाम. आता पुण्याहून आलेले एक पाहुणे म्हणाले, यातलं काहीच कुरआनात नाही. खरं काय?

रात्रपाळी

पाहुणे म्हणाले ते खरं, आणि तुमचं गाव करतं तेही खरंच आहे.

मोहरम म्हणजे इस्लामी वर्षाचा पहिला महिना. त्याच्या दहाव्या दिवशी, आशूराला, इ.स. ६८० मध्ये पैगंबरांचे नातू इमाम हुसैन करबलाच्या मैदानात शहीद झाले. त्या शोकाची आठवण दख्खनमध्ये पंजे, अलम, सवारी या रूपानं रुजली. आदिलशाही, कुतुबशाहीच्या काळापासून गावोगाव पसरली आणि सगळ्या जातींनी उचलली. कुरआनात पंजे नाहीत, उरूस नाही, संदल नाही.

यावर आमच्याच घरात वाद आहे. मोठे भाऊ जमातमध्ये (धर्मप्रचाराच्या मंडळींत) जातात, ते दर्ग्यात पाय ठेवत नाहीत. अल्लाहशिवाय कुणाकडे मागणं म्हणजे शिर्क, अल्लाहच्या जोडीला दुसरं कुणी मानण्याचं पाप, असं म्हणतात. आई दर जुम्मेरातला दर्ग्यात जाऊन फुलं चढवते. ती म्हणते, मी वलींकडे (संतांकडे) मागत नाही, त्यांच्या वसिल्यानं, म्हणजे मध्यस्थीनं, अल्लाहकडेच मागते. दोघंही पाच वक्ताचे नमाजी. जेवायला एकाच दस्तरखानावर बसतात.

कोकणकर

रत्नागिरीकडचा मुसलमान, नोकरीनिमित्त सोलापुरात. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई, इथले बहुतेक हनफी, हे फिकहचे दोन संप्रदाय. नमाजमध्ये हात बांधायची जागा वेगळी, आमीन आम्ही मोठ्यानं म्हणतो, असरची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळ आमची आधी लागते. घरात कोकणी-मराठी बोलतो, इथली दखनी मला आल्या आल्या कळतच नव्हती. "मुसलमान असं मानतात" हे वाक्य लिहिण्याआधी कुठले, हे विचारा, एवढी विनंती.

मागवाले

जकातबद्दल विचारायचं राहिलं. आमच्या शेजारचे कारखानदार रमजानमध्ये वही घेऊन बसतात, स्टॉक मोजतात. दान असेल तर मनाला येईल तेवढं द्यायचं, इतका हिशेब कशाला?

उर्दूशाळा

कारण जकात मनावर सोडलेली नाही, ती फर्ज आहे. मनाला येईल ते द्यायचं त्याला सदका म्हणतात, तो कुणालाही, कधीही, कुठल्याही धर्माच्या गरजूला देता येतो.

जकातचा नियम असा. गरजा आणि देणी वजा जाऊन साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता, म्हणजे निसाब, तुमच्याकडे चांद्रवर्षभर राहिली, तर शेकडा अडीच द्यायचे. लाखाला अडीच हजार. रोख, सोनं-चांदी, विकायला ठेवलेला माल धरायचा. राहतं घर, वापरातली गाडी, कारखान्यातले माग धरायचे नाहीत, कारण ते विकायला नाहीत. मागावरून उतरून गोदामात पडलेल्या चादरी मात्र धरायच्या, सूतही धरायचं. म्हणून तुमचे शेजारी स्टॉक मोजतात.

कुणाला द्यायची हेही ठरलेलं आहे. ९:६० मध्ये आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत, गरीब, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. स्वतःच्या आईबापाला किंवा मुलांना जकात देता येत नाही, त्यांना सांभाळणं हे तुमचं कर्तव्यच आहे. काका, मावशी, बहीण गरजू असेल तर आधी त्यांना द्या म्हणतात. फित्रा वेगळा, तो रमजान ईदच्या नमाजआधी माणशी द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल नीट पेटते.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असल्यानं जकातची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, रमजानसारखीच. तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटला हे समजावणं फार अवघड जातं, असं आमच्या घरचे सांगतात.

तराजू

हा भाग मला सगळ्यांत आवडला, नियम स्पष्ट आहेत. ४:३४ वर माझं मत बदललेलं नाही, पण आपांनी ते टाळलं नाही याबद्दल आभार. ४:३ मध्ये चार बायकांना न्यायाची अट आहे, आणि ४:१२९ म्हणते की कितीही इच्छा असली तरी बायकांमध्ये पुरता न्याय तुम्हाला जमणारच नाही. या दोन आयती एकत्र वाचून काही मुस्लिम सुधारक एकपत्नीत्वाचा निष्कर्ष काढतात, हे मला आज वाचताना सापडलं. त्यावर स्वतंत्र धागा काढतो.

शेंगाचटणी

जरूर काढा. मी उद्यापासून तिसावा पारा सुरू करते. त्यानंतर काय घेऊ? आणि आपा, तरावीह ऐकायला बायकांना मशिदीत जाता येतं का?

वेशीपलीकडे

तिसाव्या पाऱ्यानंतर यूसुफ (१२), मग मरियम (१९), मग लुकमान (३१), त्यात बापानं मुलाला केलेला उपदेश आहे, चालताना मिजास करू नकोस, आवाज खाली ठेव. मग बकरह उघडा, आता ती अंगावर येणार नाही. नववी सूरह त्यानंतर, आणि ती पहिल्या आयतीपासूनच. अडलं की आयतीचा क्रमांक घालून इथे विचारा.

उर्दूशाळा

सोलापुरात बऱ्याच मशिदींत बायकांसाठी जागा नाही. काही घरांत, हॉलमध्ये बायकांची तरावीह होते, आमच्या गल्लीतही होते. नमाजच्या रांगेत नाही, पण मागे खुर्चीवर बसून ऐकता येईल, आमच्या बायकांना आनंदच होईल. डोक्यावर ओढणी घ्या, मोबाइल बंद ठेवा. इशाची अजान झाल्यावर पंधरा मिनिटांत या. आणि त्या दिवशी इफ्तार आमच्याकडेच करायचा, वैयक्तिक निरोपात पत्ता पाठवते.